कृत्तिका, पद्मिनी आणि खारा वारा

रत्नागिरीत सुबारू पाहिली आहे का असं विचारलं, तर बहुतेक जण "ती कुठली बुवा?" असंच म्हणतील. बरोबरच आहे. त्या नावाने ही गाडी आपल्याकडे कधी विकलीच गेली नाही. पण ती येऊन गेली आहे, आणि तीही नाव बदलून! जनरल मोटर्सकडे तेव्हा सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजचा वीस टक्के हिस्सा होता. त्या नात्याने २००३-०४ च्या सुमारास सुबारू फॉरेस्टर जपानहून इथे आली. पुढचं सहा ताऱ्यांचं चिन्ह गेलं, तिथे शेव्हरोलेचं चिन्ह आलं, आणि गाडी झाली 'शेव्हरोले फॉरेस्टर'. २००५ मध्ये जनरल मोटर्सने तो हिस्सा विकला, थोड्याच काळात फॉरेस्टरची विक्रीही थांबली, आणि २०१७ अखेर खुद्द जनरल मोटर्सनेच भारतात गाड्या विकणं बंद केलं. म्हणजे ज्यांनी ती हौसेने घेतली, त्यांच्या गाडीचं माहेर आधी गेलं आणि मग सासरही.

हे सगळं आठवायचं कारण आमचा बॉस्टनजवळ राहणारा दादा (चुलतभाऊ, पण आमच्यात सगळे दादाच). त्याच्याकडे २००३ सालची सुबारू आउटबॅक आहे. मुलं म्हणतात विका, हा म्हणतो नाही. आणि इकडे आमच्या घरात १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, तिच्या पुढच्या पासिंगची वेळ आलीय, आणि तिच्यावरूनही नेमका हाच वाद चालू आहे. गेले दोन महिने आमच्या मेलामेलीत दुसरा विषय नाही. जुनी गाडी ठेवायची तर कुठली ठेवण्यासारखी? सुबारू की फियाट, अँबॅसेडर की मारुती? दादा म्हणतो गाडी मुळात चांगली हवी. मला ते पूर्ण पटत नाही. का, ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

मजा अशी की दोन्ही गाड्यांची घराणी विमानवाल्यांची. चिकुहेई नाकाजिमाने १९१७ मध्ये जपानात विमानांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आकाशात जी जपानी लढाऊ विमानं होती, त्यांत नाकाजिमाची बरीच होती. (ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला थिबा राजा आठवणारच, पण आज तो विषय नाही.) जपान हरल्यावर विमानं बनवायला बंदी आली. मग कारागिरांनी उरलेल्या विमानांची शेपटाकडची चाकं वापरून स्कूटर बनवली, तिचं नाव 'रॅबिट'. कंपनीचे तुकडे झाले होते, त्यांतले पाच पुढे १९५३ मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज ह्या एका छत्राखाली आले. म्हणून चिन्हावर तारे सहा, पाच छोटे आणि एक मोठा. सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका! आपल्याकडे कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता, त्यांच्याकडे सहा तारे.

आता इकडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगलोरला म्हैसूर संस्थानच्या मदतीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये तिचा कारभार सरकारने आपल्या हातात घेतला. वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी, मग इटलीच्या फियाटशी करार. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० जोडली जाऊ लागली, १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' मॉडेल आलं, आणि तिथे घड्याळ थांबलं. पुढे करार संपला तशी नावं बदलली, आधी प्रेसिडेंट, मग १९७४ पासून पद्मिनी. पण आतली गाडी जवळजवळ तीच, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मागे पाटे, आणि शेवटच्या काही वर्षांचं मॉडेल सोडलं तर स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा. २००० च्या आसपास ती बंद होईपर्यंत हेच.

आपण ह्या थांबलेल्या घड्याळाला नावं ठेवतो, आणि ठेवावीतच. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि हाती पडायची ती इटलीने कधीच टाकून दिलेली गाडी. पण त्यातून एक गोष्ट नकळत घडली. छत्तीस-सदतीस वर्षं तेच तेच सुटे भाग बनत राहिले, त्यामुळे ते प्रत्येक पेठेत मिळू लागले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. हजारो टॅक्स्या रोज भाग झिजवायच्या, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात त्या भागांचा महापूर. रत्नागिरीत क्लच प्लेट गेली तर फोन करायचा, आणि सकाळी ती रातराणीने पार्सल होऊन स्टँडवर हजर. हेडचं काम मेस्त्री दुपारी सुरू करून दिवेलागणीला गाडी चालू करून द्यायचा. घाटात गाडी गरम होऊन पेट्रोल चढेनासं झालं की पंपावर ओलं फडकं टाकायचं, हे तर शाळकरी पोरांनाही ठाऊक. आंबा घाटात बॉनेट उघडून फडकं टाकून उभी असलेली फियाट हे आमच्या लहानपणीचं नेहमीचं दृश्य, तिला कुणी बिघाड म्हणत नसे.

अँबॅसेडरचं गणित असंच. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, १९५७-५८ पासून बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनू लागली ती २०१४ पर्यंत. साहेबलोकांची गाडी. पत्रा जाड, पोट मोठं, पेट्रोल भरपूर पिणार. दवाखान्यापुढे फियाट आणि कचेरीपुढे अँबॅसेडर अशी आमच्याकडे साधारण विभागणी होती. तिसरी स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासची, १९६१ पासूनची. अख्खं नाक पुढे कलून उघडायचं, मेस्त्रीला इंजिनाशेजारी चक्क बसून काम करता यायचं! दिसायला मला ती सगळ्यांत आवडायची. पण भाग मद्रासहून यायचे आणि कोकणात गाड्या कमी, त्यामुळे हेराल्डवाला माणूस लांबूनच ओळखू यायचा - चेहऱ्यावरून.

आणि जीप. महिंद्रांनी १९४७ नंतर विलीज जीप जोडायला घेतली, तिचे वंशज आमच्या वाडीवस्तीवर वडाप म्हणून अगदी अलीकडेपर्यंत फिरत होते. चारही चाकांना ताकद देणारी जीप लाल चिखलात चढाव चढते तेव्हा बघत राहावं. हीच करामत प्रवासी गाडीत आणली ती सुबारूने. उत्तर जपानातल्या तोहोकूच्या वीज कंपनीला बर्फातून लाइनमन न्यायला गाडी हवी होती, जीपमध्ये माणसं थंडीने काकडायची. त्यातून आधी नमुने आणि १९७२ मध्ये चार चाकी ताकदीची लिओन स्टेशन वॅगन आली. विचार करा, चढउतार, ओला निसरडा रस्ता, गुडघाभर चिखल. ही गाडी खरं तर आपल्यासाठीच केल्यासारखी! आमच्या पावसाला (वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर) हिच्याइतकी लायक गाडी दुसरी नसेल.

मग अडलं कुठे? मी ती शेव्हरोलेचं कुंकू लावलेली फॉरेस्टर एकदा आमच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे उभी पाहिली. मुंबईहून गणपतीला आलेल्या कुणाची तरी होती. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "भाऊ, हिचे प्लग खंय ठेवले हत?" सुबारूचं इंजिन आडवं झोपलेलं असतं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, पिस्टन समोरासमोर ठोसे मारल्यासारखे चालतात. वजन खाली राहतं म्हणून गाडी वळणावर घट्ट बसते. पण प्लग आत कुशीत, हात जेमतेम शिरतो. चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, एकच नवा टाकला तर चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. आपल्याकडे एक टायर फुटला की एकच बदलायची रीत! मेस्त्रींना अक्कल कमी नव्हती, चाळीस वर्षांत त्यांनी काय काय उलगडून ठेवलंय. त्यांनी ते इंजिन कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि पाहायला दुसरं मिळणारही नव्हतं.

आता दादाची आउटबॅक. सुबारूचं अडीच लिटरचं इंजिन हेड गॅस्केट गळण्याबद्दल बदनाम आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहाएक वर्षं हे दुखणं होतं. सिलिंडर आडवे, त्यामुळे गॅस्केटची खालची कड कायम तेलापाण्यात बसलेली, तिथून पाझर. दादाने ते काम एकदा करून घेतलंय. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख सत्तर हजार किलोमीटरला बदलावा लागतो, तोही झाला. म्हणजे निव्वळ यंत्र म्हणून पाहिलं तर ही काही निर्दोष गाडी नव्हे. तरी तिकडे वीस-पंचवीस वर्षांच्या सुबारू रस्त्यावर सर्रास दिसतात. कारण तिथल्या डोंगराळ, बर्फाळ राज्यांत त्या घरोघरी आहेत, फक्त त्याच दुरुस्त करणारी गॅरेजं आहेत, भंगारात गेलेल्या गाड्यांचे भाग मिळतात आणि हे दुखणं शेजाऱ्यालाही ठाऊक असतं. दादा, वाचतोयस ना? माझं म्हणणं एवढंच. तुझी सुबारू टिकली ती आमची पद्मिनी टिकली त्याच कारणाने. गोतावळा! जपानी पोलाद आणि कुर्ल्याचं पोलाद ह्यांतला फरक मला मान्य आहे, पण तो दुसरा मुद्दा.

ह्याची उलट बाजू म्हणजे पोरक्या झालेल्या गाड्या. स्टँडर्ड २०००, १९८५ ची, पाहताना लाळ गळायची, काही वर्षांत कंपनीचाच बाजार उठला. प्रीमियरनेच फ्रेंच भागीदाराबरोबर कल्याणला काढलेली प्यूजो ३०९, १९९४ ते ९७, संपली. देवूची सिएलो. ह्यांतल्या कुठल्याच गाडीला वाईट म्हणता येत नाही. प्यूजो तर पद्मिनीपेक्षा कितीतरी पटीने सरस. पण आज त्या शोधून दाखवा.

मारुतीबद्दल थोडक्यात, कारण तिचं कौतुक सगळेच करतात. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली आणि गोतावळा म्हणजे काय हे तिने प्रीमियरपेक्षा मोठ्या प्रमाणावर दाखवलं. पत्रा मात्र पातळ. आणि इथे आमच्या रत्नागिरीची खरी अडचण येते.

इथे गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. खारा वारा, चार महिने न वाळणारी हवा, आणि मडगार्डच्या आत थापून बसलेली जांभ्याची लाल माती, जी ओल धरून ठेवते. मिरकरवाड्याला मासळी वाहणाऱ्या टेंपोंची तळं बघा, बर्फाचं खारं पाणी झिरपून झिरपून चाळण होते. अमेरिकेत हेच काम हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ करतं. दादाने पाठवलेला आउटबॅकच्या मागच्या चाकाजवळचा फोटो आणि आमच्या पद्मिनीच्या दाराखालचा फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते सांगता येणार नाही. जीप आणि हेराल्डला वेगळी चासी होती, वरचा पत्रा सडला तरी सांगाडा उभा राहायचा. फियाट, अँबॅसेडर, मारुती, सुबारू ह्यांचं तसं नाही, पत्रा हाच सांगाडा. दाराखालचा पट्टा गेला की गाडी मधूनच वाकते. म्हणून आमच्याकडे दर दिवाळीआधी गाडी वर घेऊन खालून धुवायची, वाळवायची आणि काळं ऑइल मारायचं, हा नेम बाबांनी घातला. (जमिनीसाठी ते वाईट, हे खरंच. आता आम्ही अंडरकोटिंग करतो.) चाळीस वर्षांत ह्या गाडीचं इंजिन दोनदा उतरलं, पत्र्याचं काम सहा वेळा झालं. सुबारूवाल्यांनी आणि मारुतीवाल्यांनी आपापले आकडे कळवावेत, खरोखर जाणून घ्यायचं आहे.

तर पासिंग. सरकारला जुन्या गाड्या नको आहेत आणि त्याचीही कारणं आहेत, धूर काही खोटा नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली, परदेशातून आलेल्या गाडीची चाळीस हजार. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली. फॉरेस्टरवाल्याला हे एकदा भरायचं, आणि वर भाग परदेशातून मागवायचे. त्यांच्यातले जे अजून तग धरून आहेत त्यांना माझा नमस्कार.

आमच्या घरात आई ठेवा म्हणते, धाकटा विका म्हणतो. पैसे भरू, तो प्रश्न नाही. मला काळजी आहे ती दुसरीच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर नाही. पेपरांत हळवे लेख आले, लोकांनी फोटो काढले. पण त्या टॅक्स्यांच्या जिवावर सुट्या भागांचा जो बाजार चालायचा, त्याबद्दल मी कुठे फारसं वाचलं नाही. गेल्या पावसाळ्याआधी आम्हाला पुढच्या चाकांचा किंगपिन सेट हवा होता. पूर्वी एका फोनवर मिळायचा. ह्या वेळी कुर्ल्याचे तीन दुकानदार नाही म्हणाले, चौथ्याने जुना, उतरवलेला, घासून दिला. मेस्त्रींनी तो बसवला. त्यांचा मुलगा शेजारी उभा होता, त्याला लॅपटॉप लावून नव्या गाड्यांचे दोष काढता येतात. "बघून ठेव," मेस्त्री त्याला म्हणाले. तो म्हणाला, "बाबा, परत कधी लागणार हाय?"

आम्ही पाच वर्षांसाठी अर्ज केला आहे. पत्र्याचं सातवं काम मे महिन्यात.