उरलेले तास : १,७५,२००

वाशीच्या एपीएमसी भाजीपाला मार्केटात पहाटे भाजी निवडणारी कुणीही बाई डोळ्यांसमोर आणा. ती काल्पनिक आहे, तासही ढोबळ. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपर्यंतचा हा क्रम विज्ञानाला ठाऊक असलेला आहे. आरोपी मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही), प्रकार १६. त्याच्याकडे जनुकं जेमतेम आठ.

उरले १,७५,२०० तास
शरीरसंबंधातून विषाणू आला आणि गर्भाशयमुखाच्या सूक्ष्म ओरखड्यातून अस्तराच्या तळच्या पेशींपर्यंत पोचला. दुखत काहीच नाही. ती कामावर आहे, गाड्या खाली होताहेत.

उरले १,७५,१७६
पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण विरतं. तेवढ्यात विषाणूचा डीएनए आत शिरतो. आता पेशीचीच यंत्रणा त्याची जनुकं वाचू लागते.

उरले १,७४,४८०
विषाणूचं ई-७ प्रथिन पेशीतल्या आरबी प्रथिनाला पकडतं. आरबीने रोखून धरलेलं ई-२-एफ मोकळं होतं आणि विभाजनाची जनुकं चालू करतं. अशा वेळी पी-५३ हे प्रथिन पेशीला थांबवतं, नाहीतर मारतं. विषाणूचं ई-६ त्याचाच काटा काढतं. मार्केटात सडका माल खूण करून बाजूला टाकतात, तशी धडधाकट पी-५३वर खूण होते आणि पेशीची सफाई यंत्रणाच त्याचे तुकडे करते. पी-५३ने जागी करायची जनुकं गप्प राहतात.

उरले १,५७,६८०
दोन वर्षं झाली. एव्हाना बहुतेक जणींची प्रतिकारशक्ती विषाणूला आवरते आणि गणती थांबते. हिची थांबली नाही.

उरले ८७,६००
विषाणूचा डीएनए तुटून तिच्या गुणसूत्रात बसतो. या मोडतोडीत बरेचदा विषाणूचं ई-२ जनुक निकामी होतं. ई-६ आणि ई-७ला लगाम तेच घालत होतं. टेलोमरेझचं जनुक जागं होतं, पेशीचं म्हातारपण लांबतं. पी-५३ नसल्याने डीएनएतल्या चुका साचत जातात.

तपासणीत हे सापडतं. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे झाले. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. हिला कुणी बोलावलं नाही, आणि काही होत नसताना रोजंदारी बुडवून जाणार कोण?

उरले ८,७६०
बिघडलेल्या पेशी अस्तराची हद्द ओलांडतात. अंगावरून पांढरं जातं, मग लाल. ‘उष्णता झाली असेल,’ म्हणून ती सब्जा भिजवते.

उरले ०
गाठ आजूबाजूला पसरली आहे. नवी मुंबईतच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कॅन्सर संशोधन आणि उपचार संस्था आहे. तिथे किरणोपचार आणि केमोथेरपी मिळते. पण दहा वर्षांपूर्वी छोट्या उपचारात भागलं असतं. विषाणूलाही यात लाभ नाही: गुणसूत्रात अडकलेल्या तुटक्या डीएनएतून नवे विषाणू तयार होत नाहीत. मुलींना ९ ते १४ या वयात लस दिली, तर या प्रकाराची गणती बहुधा सुरूच होत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला परवानगी मिळाली २०२२ मध्ये. हिचे तास त्याआधीच सुरू झाले होते.