फिल कॉलिन्स : ड्रमर मुख्य गायक झाला तेव्हा

ब्रिटिश रॉक बँड 'जेनेसिस'चे मुख्य गायक पीटर गेब्रियल यांनी १९७५ मध्ये बँड सोडला. कधी कोल्ह्याचा मुखवटा, कधी फुलाचा वेष अशा अवतारात गाणारे गेब्रियल म्हणजेच जेनेसिस, असा अनेकांचा समज होता. त्यामुळे आता बँड संपला, असेच बोलले जाऊ लागले.

उरलेल्या चौघांनी नव्या गायकासाठी चाचण्या घेतल्या. आलेल्या उमेदवारांना गाणी शिकवायची आणि सोबत गायचे, हे काम ड्रमर फिल कॉलिन्स यांच्याकडे होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच! १९७१ आणि १९७३ च्या अल्बममध्ये कॉलिन्स यांनी एकेक गाणे मुख्य आवाजात गायलेही होते. पण स्वतः त्यांनाही ड्रम सोडायचे नव्हते. शेवटी 'स्क्वांक' हे गाणे बोलावलेल्या गायकाच्या पट्टीत बसेना, तेव्हा कॉलिन्स यांनी ते गाऊन पाहिले आणि शोध थांबला.

फेब्रुवारी १९७६ मध्ये आलेला 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

खरी अडचण मंचावर होती. कॉलिन्स पुढे उभे राहिले, तर ड्रम कोण वाजवणार? त्या वर्षीच्या दौऱ्यासाठी बिल ब्रुफर्ड आले, पुढच्या वर्षीपासून चेस्टर थॉम्पसन. मुखवट्यांची जागा कॉलिन्स यांच्या गप्पा-विनोदांनी घेतली. मात्र गाण्यात शब्द नसलेला लांब भाग आला, की ते मागे जाऊन आपल्या ड्रमवर बसत. मग दोन ड्रमर एकत्र वाजवत.