उच्चदाब प्राणवायू उपचार : रुग्णाची आशा व वैद्यकीय पुरावा यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बंद कक्षातील हवेचा दाब वाढवून रुग्णास शुद्ध प्राणवायू देण्याच्या पद्धतीस उच्चदाब प्राणवायू उपचार अथवा हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी असे म्हणतात. सामान्यतः नेहमीच्या वातावरणाच्या दोन ते तीन पट दाबाखाली रुग्णाला दीड ते दोन तास ठेवले जाते व अशी अनेक सत्रे दिली जातात. पाणबुड्यांना होणारा विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन यांसारख्या अवस्थांत या उपचाराचे स्थान मान्य झाले आहे. मात्र ज्या व्याधींवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, अशा व्याधींनी ग्रासलेले रुग्णही विशेष उपचार केंद्रांचा शोध घेत दूरवर प्रवास करतात. ही घटना आधुनिक काळातील वाटली, तरी तिचा इतिहास जवळजवळ दोन शतकांचा आहे. या इतिहासात रुग्णाची आशा व वैद्यकीय पुरावा यांचे नाते कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दाबाच्या हवेची आरोग्यगृहे

दाबाच्या हवेचा उपचारासाठी उपयोग करण्याची कल्पना इंग्रज वैद्य नॅथॅनिएल हेन्शॉ यांनी १६६२ च्या सुमारास मांडली. त्या वेळी प्राणवायूचा शोध लागलेला नव्हता. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. पुढे १८३४ मध्ये फ्रान्समध्ये जुनो यांनी, तर १८३७ मध्ये लिऑन येथे प्रावाझ यांनी दाबकक्ष उभारले. प्रावाझ यांच्या कक्षात एकाच वेळी अनेक रुग्ण बसू शकत. त्यानंतर युरोपातील अनेक शहरांत अशी केंद्रे निघाली. ज्याप्रमाणे उन्हाळी पाण्याच्या झऱ्यांवर लोक स्नानासाठी जात, त्याचप्रमाणे दमा व क्षय यांनी पीडित श्रीमंत रुग्ण 'हवेच्या स्नानासाठी' या केंद्रांत जात असत. १८७९ मध्ये फाँटेन यांनी चाकांवर फिरणारा शस्त्रक्रिया कक्षही तयार केला. या सर्व कक्षांत शुद्ध प्राणवायू नव्हे, तर साधी दाबलेली हवा वापरली जाई, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

कामगारांचा रोग

याच काळात दाबाच्या हवेचा संबंध एका वेगळ्या वर्गाशी आला. नदीच्या तळाशी पुलांचे पाये घालणारे व बोगदे खणणारे मजूर दाबाच्या हवेत काम करीत. बाहेर आल्यावर त्यांना तीव्र सांधेदुखी, पक्षाघात व प्रसंगी मृत्यू येई. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, दाब एकाएकी उतरल्यामुळे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे निर्माण होतात, हे या रोगाचे कारण दाखवून दिले. अतिदाबाखालील प्राणवायू विषारी ठरून झटके आणतो, हेही त्यांनीच प्रयोगाने सिद्ध केले.

न्यूयॉर्कजवळील हडसन नदीखालच्या बोगद्याच्या कामावर १८८९ च्या सुमारास अभियंता अर्नेस्ट मॉयर रुजू झाले, तेव्हा पंचेचाळीस ते पन्नास मजुरांतून दरमहा सुमारे एकाचा मृत्यू होत होता. त्यांनी आजारी मजुरास पुन्हा दाबाखाली ठेवून हळूहळू दाब उतरविण्यासाठी खास कक्ष बसविला. पुढील सव्वा वर्षात सुमारे १२० मजुरांपैकी दोनच दगावले. येथे उपचाराचे कारण ज्ञात होते व परिणाम मोजता येत होता. आरोग्यगृहांतील श्रीमंत रुग्णांच्या अनुभवाला असा आधार नव्हता.

क्लीव्हलँडचा पोलादी गोल

पुराव्याविना वाढलेल्या आशेचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. कॅन्सस येथील भूलतज्ज्ञ ऑर्व्हल कनिंगहॅम यांना १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत असे आढळले की, उंच प्रदेशातील रुग्ण सखल प्रदेशातील रुग्णांपेक्षा अधिक संख्येने दगावतात. यावरून त्यांनी दाबाच्या हवेचा प्रयोग केला व काही रुग्ण बरे झाले. येथपर्यंतचा विचार तर्काला धरून होता. परंतु पुढे त्यांनी मधुमेह, उपदंश, उच्च रक्तदाब व कर्करोग यांवरही हाच उपचार लागू असल्याचे प्रतिपादन केले.

१९२८ मध्ये उद्योगपती हेन्री टिमकेन यांच्या सुमारे दहा लक्ष डॉलरच्या देणगीतून क्लीव्हलँड येथे ६४ फूट व्यासाचा प्रचंड पोलादी गोल उभा राहिला. त्यात निवासाच्या खोल्या होत्या व एखाद्या हॉटेलाप्रमाणे सर्व सुखसोयी होत्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुराव्याची मागणी केली, ती मात्र पूर्ण झाली नाही. १९३० च्या दशकात हे केंद्र बंद पडले आणि १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवे म्हणून तो गोल मोडून काढण्यात आला.

शास्त्रीय अधिष्ठान

आधुनिक उपचाराचा पाया ॲमस्टरडॅम येथील शल्यचिकित्सक इटे बूरेमा यांनी घातला. नेहमीच्या हवेत श्वास घेताना दर १०० मिलिलिटर रक्तात केवळ ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. बाकीचा तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन वाहून नेते. तीन वातावरण दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिल्यास विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते व विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराची गरज तेवढ्याने भागू शकते. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बूरेमा यांनी तांबड्या पेशी जवळजवळ पूर्णपणे काढून घेतलेली डुकरे दाबकक्षात जिवंत ठेवून दाखविली. १९६१ मध्ये त्यांचे सहकारी ब्रुमेलकांप यांनी गॅस गँगरीनवरील परिणाम प्रसिद्ध केले. या रोगाचे जंतू प्राणवायूविरहित स्थितीत वाढतात, त्यामुळे येथेही कार्यकारणभाव स्पष्ट होता.

आशा आणि कसोटी

यानंतरही जुना प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जाविकारावर १९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या चाचणीत प्राणवायू घेतलेल्या १७ पैकी १२ रुग्णांत सुधारणा दिसली. ब्रिटनमध्ये रुग्णांनी वर्गणी जमवून स्वतःची केंद्रे काढली. पुढील बहुतेक चाचण्यांत मात्र हा लाभ आढळला नाही.

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या पालकांची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. २००१ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतातील १११ मुलांवरील चाचणी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका गटाला १.७५ वातावरण दाबाखाली शुद्ध प्राणवायू, तर दुसऱ्या गटाला १.३ वातावरण दाबाची साधी हवा, अशी ४० सत्रे देण्यात आली. दोन्ही गटांतील मुले सुधारली आणि ती जवळजवळ सारखीच सुधारली. पालकांना दिसलेली सुधारणा खोटी नव्हती. परंतु तिचे श्रेय प्राणवायूला देता येईना. किंचित दाबाच्या हवेचाच गुण आला, असे काहींनी मानले. नियमित लक्ष, सहवास व अपेक्षा यांचा तो परिणाम असावा, असे इतरांचे मत पडले.

मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांबाबतही मतैक्य नाही. स्वीडनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर जखम पूर्ण भरलेल्यांचे प्रमाण ५२ टक्के, तर तुलनेच्या गटात २९ टक्के होते. कॅनडातील २०१६ च्या चाचणीत मात्र पाय कापण्याची गरज कमी झाल्याचे दिसले नाही. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. मुंबईत कुलाबा येथील नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयाच्या परिसरात सागरी वैद्यकाच्या निमित्ताने या शास्त्राचे शिक्षण दिले जाते. अलीकडे मोठ्या शहरांतील खासगी केंद्रांतही असे कक्ष दिसतात.

हा उपचार सर्वस्वी निर्धोकही नाही. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि प्राणवायूने भरलेल्या कक्षात लहानशी ठिणगीही घातक ठरते. १९९७ मध्ये मिलान येथे कक्षातील आगीत अकरा जण मृत्युमुखी पडले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, या उपचाराच्या इतिहासात यंत्र एकच असले तरी मार्ग दोन आहेत. हडसनचा बोगदा व ॲमस्टरडॅमची प्रयोगशाळा हा एक मार्ग. तेथे आधी कारण समजले, परिणाम मोजला गेला व मग रुग्ण आला. क्लीव्हलँडचा गोल हा दुसरा मार्ग. तेथे रुग्ण आधी आला, इमारत उभी राहिली आणि पुराव्याची वाट पाहणे राहून गेले. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या रुग्णास भोळा म्हणून बाजूस सारणे मात्र योग्य नव्हे. ज्या व्याधीस अन्य उपाय नाही, तिने ग्रासलेला माणूस आशेच्या दिशेने जाणारच. त्या आशेची प्रामाणिक कसोटी घेणे आणि मिळालेले उत्तर प्रतिकूल असले तरी ते रुग्णास सांगणे, ही जबाबदारी वैद्यकाची आहे. क्वेबेकच्या चाचणीने ती पार पाडली. क्लीव्हलँडच्या गोलाला मात्र ती अखेरपर्यंत पेलता आली नाही.