पॅकेज-निर्बंधांची साफसफाई (लिनक्स)

लिनक्सच्या वितरणातील पॅकेजांवर एकेकाळी गरजेपोटी घातलेल्या, पण आता निरर्थक झालेल्या आवृत्तीविषयक अटी काढून टाकण्याचे काम. वितरण म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्याला जुळवून दिलेल्या हजारो सॉफ्टवेअरचा संच होय. यातील प्रत्येक पॅकेज आपल्याला दुसरे कोणते पॅकेज, कोणत्या आवृत्तीपासून पुढचे लागते आणि कोणाशी आपले जमत नाही, हे नोंदवते; डेबियन या वितरणात ही नोंद कंट्रोल फाइलीत असते.

अशी अट जुनी झाली म्हणून काही बिघडत नाही. ती सदैव पूर्णच होत असल्याने वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही. उदाहरणार्थ, एखाद्या गणिती पॅकेजाने नमपाय या पायथन भाषेच्या गणिती पॅकेजाची ‘१.७ किंवा पुढची’ आवृत्ती अशी मागणी केलेली असली, तरी २०१९ च्या डेबियन १० मध्येच नमपाय १.१६ होती. देवनागरी टंकांच्या पॅकेजांची नावे पूर्वी ‘टीटीएफ’ने सुरू होत, ती पुढे ‘फॉन्ट्स’ने सुरू होऊ लागली, अशा नामांतराच्या वेळी जुन्या पॅकेजाची जागा नव्याने घ्यावी यासाठी घातलेल्या ‘ब्रेक्स’ व ‘रिप्लेसेस’ या अटीही स्थित्यंतर उरकल्यावर मागे राहतात.

कोणती अट काढावी याचा निकष साधा आहे. डेबियनमध्ये मधले प्रकाशन न वगळता एका वेळी लगतच्या पुढच्या प्रकाशनावरच जाता येते, त्यामुळे ज्या सर्वांत जुन्या प्रकाशनावरून येण्याची मुभा आहे, त्यातच जी अट पूर्ण होते ती अनावश्यक ठरते. ‘डेबियन जॅनिटर’ ही स्वयंचलित यंत्रणा अशा अटी हुडकून दुरुस्ती सुचवते. मात्र ती स्वीकारताना पॅकेज सांभाळणाऱ्याने विवेक वापरावा लागतो, कारण डेबियनवरून बेतलेली वितरणे, उदाहरणार्थ सी-डॅकचे ‘बॉस’, आणि नवे पॅकेज जुन्या प्रकाशनावर बांधून घेणारे वापरकर्ते या हिशेबात धरलेले नसतात.

दीर्घायुषी वैज्ञानिक प्रकल्पांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यात येणाऱ्या, प्रत्येकी ४ किमी लांबीच्या दोन भुजा असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. अशा लहरींच्या विश्लेषणासाठी वापरला जाणारा ‘लालसूट’ हा सॉफ्टवेअर-संच डेबियन आणि आरपीएम अशा दोन्ही प्रकारच्या पॅकेजांत बांधला जातो, म्हणजे अटींच्या दोन याद्या सांभाळाव्या लागतात. भौतिकीच्या प्रयोगशाळांत रुळलेल्या, आरपीएम पॅकेजे वापरणाऱ्या सायंटिफिक लिनक्स ७ या वितरणाचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि केवळ त्याच्यासाठी जपलेल्या अटींचे प्रयोजनही त्याबरोबर सरले. साफसफाई अर्थातच पॅकेजाच्या पुढच्या आवृत्तीत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये टिपलेल्या पहिल्या लहरीचे विश्लेषण तेव्हाच्याच सॉफ्टवेअरवर पुन्हा करायचे झाल्यास जतन केलेली जुनी पॅकेजे त्यांच्या मूळ अटींसह वापरावी लागतात.