बाळाचा थांबलेला श्वास: डॉक्टरांच्या हातून आईवडिलांच्या हाती

प्रस्तावना

वेळेआधी जन्मलेले, कमी वजनाचे बाळ काही आठवडे अतिदक्षता कक्षात काढून घरी येते. कक्षात यंत्र श्वासावर लक्ष ठेवते आणि परिचारिका जवळच असते. घरी यांपैकी काहीच नसते. तिथे श्वास थांबला तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटे पुरतात. दिल्ली-एनसीआरच्या रहदारीतून रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचेलच असे नाही. म्हणून बाळाला घरी सोडण्यापूर्वी आईवडिलांना पुनरुज्जीवन, म्हणजे आपल्या बोलण्यातले सीपीआर, शिकवावे लागते. हे कौशल्य सामान्य माणसापर्यंत कसे आले, ते या पाठात पाहू.

1. कौशल्य घडले कसे

1950 च्या दशकाच्या अखेरीस जेम्स एलम आणि पीटर सफार यांनी दाखवून दिले की आपण सोडलेल्या श्वासातही दुसऱ्याला जगवण्याइतका प्राणवायू असतो. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो, तर उच्छ्वासात सुमारे 16 टक्के. 1960 मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यांतले विल्यम कौवेनहोवेन विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांची सरावाची बाहुली आली. आता हे कौशल्य कोणालाही हाताने गिरवता येऊ लागले.

मोठ्या माणसात अनेकदा आधी हृदय बंद पडते. बाळात बहुधा आधी श्वास थांबतो आणि मग हृदय मंदावते. म्हणून बाळासाठी नुसता छातीवरचा दाब पुरत नाही, श्वास द्यावाच लागतो.

2. भारतात: रुग्णालयातून गावात

1980 मध्ये नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमची स्थापना झाली. या संस्थेने 1990 पासून नवजात पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण सुरू केले. 2009 मध्ये केंद्र सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. या दोन्हींचा रोख डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावर होता.

गडचिरोलीत मात्र बाळंतपणे घरीच होत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी तिथे आधी तोंडाने श्वास, मग नळी-मास्क, पुढे पिशवी-मास्क अशी साधने वापरली गेली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता. हे श्रेय एकट्या पुनरुज्जीवनाचे नाही. जंतुसंसर्गावरील उपचार, ऊब आणि स्तनपान यांचाही त्यात वाटा होता. तरी कमी शिकलेल्या हातांनाही हे काम जमते, हे सिद्ध झाले.

3. दिल्ली: काचेपलीकडचे आईवडील

महानगरात प्रश्न उलटा होता. डॉक्टर हजर, पण आईवडील काचेबाहेर. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने त्यांना कक्षात घेऊन बाळाच्या काळजीत सहभागी केले. 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा ‘कुटुंब सहभागी काळजी’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. हात धुणे, दूध पाजणे, बाळाला उराशी धरणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि घरची काळजी हे त्यातले मुख्य धडे.

4. उरलेला टप्पा

अमेरिकेत 1980 च्या दशकात श्वासावर लक्ष ठेवणारे यंत्र बाळासोबत घरी देताना पालकांना पुनरुज्जीवनही शिकवत. कारण उघड आहे. यंत्र फक्त भोंगा वाजवते, श्वास माणसालाच द्यावा लागतो.

‘आईबाप घाबरतील’ अशी शंका घेतली जाते. पण भीती प्रसंगासोबत येणारच. हाताला सवय असेल तर त्या भीतीतही हात चालतो. लेथ फळ्यावर शिकता येत नाही, तसेच हेही आहे: बाहुलीवर सराव हवा, आणि काही महिन्यांत विसर पडतो म्हणून उजळणीही हवी. हा पाठ वाचणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

स्वाध्याय

1. बाळाच्या पुनरुज्जीवनात श्वासाला प्राधान्य का?
2. गडचिरोली आणि दिल्ली येथील अडचणींची तुलना करा.
3. घरी जाण्यापूर्वी पालकांसाठी अर्ध्या तासाच्या सरावाचा आराखडा तयार करा.