आयुर्मान आणि वर्ग : कर्वेनगरच्या निमित्ताने

ज्यांच्यावरून कर्वेनगर हे नाव पडले ते महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 मध्ये, वयाची 104 वर्षे पूर्ण करून निवर्तले. अशा आयुष्याकडे आपण पुण्याई किंवा संयमी दिनचर्येचे फळ म्हणून पाहतो. सामाजिक इतिहास मात्र निराळा प्रश्न विचारतो : दीर्घायुष्य कोणाच्या वाट्याला येते, आणि केव्हापासून?

एकोणिसाव्या शतकात शिक्षण किंवा प्रतिष्ठा हे मृत्यूविरुद्धचे कवच नव्हते. डॉ. आनंदीबाई जोशी 1887 मध्ये क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती; आगरकर 1895 मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. इंग्लंडमधील उमराव घराण्यांचे आयुर्मानही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्यांहून फारसे अधिक नव्हते. रोगावर इलाजच नसेल, तर पैसा काय विकत घेणार?

एक गोष्ट मात्र पैशाने मिळत असे, ती म्हणजे रोगापासूनचे अंतर. 1896 मध्ये मुंबईत आलेला प्लेग लवकरच पुण्यात पोचला. ऐपत असलेली कुटुंबे दाट वस्ती सोडून मोकळ्या जागी गेली. ज्यांचे पोट रोजच्या कामावर होते त्यांना तो मार्ग खुला नव्हता. कर्व्यांकडे संपत्ती नव्हती. परंतु रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जागा दिली आणि 1900 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची झोपडी तेथे उभी राहिली. आजचे कर्वेनगर त्याच परिसरात वाढले. याच साथीत, 1897 मध्ये, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला.

हे अंतर पुढे खोल्यांच्या संख्येत मोजता येऊ लागले. मुंबईच्या 1921 च्या नोंदींत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील अर्भकमृत्यूंचे प्रमाण हजारी 828 होते; चार वा अधिक खोल्यांच्या घरांत ते 133 होते. कामगार स्त्रिया बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे कित्येक जन्म मुंबईत नोंदले जात नसत. पहिला आकडा त्यामुळे फुगलेला मानला, तरी दरी उरतेच.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे महत्त्व आहे. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' 1915 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय 57 होते. आत्मचरित्र लिहायला आधी तेवढे जगावे लागते. चाळीतल्या त्या अर्भकांचे चरित्र म्हणजे नोंदवहीतील एक आकडा. म्हणून त्या काळाची आत्मचरित्रे शिकवताना हा आकडाही शेजारी ठेवावा; तोही त्याच काळाचा मजकूर आहे.