राज्य महामार्गांचे मूल्यमापन, अमेरिकेतील

एखाद्या राज्यातील महामार्गांची स्थिती, सुरक्षितता व वाहतुकीची सुलभता यांची त्यांवरील खर्चाशी तुलना करून केलेली पारख. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुतेक प्रमुख रस्ते घटक राज्यांच्या मालकीचे असल्याने या विषयास तेथे विशेष महत्त्व आले. १९१६ च्या कायद्याने रस्त्यांसाठी संघीय अनुदान सुरू झाले. ते मिळण्यासाठी राज्याचे स्वतंत्र महामार्ग खाते असणे आवश्यक होते. ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसविला व १९२९ पर्यंत सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. वाहनधारकच रस्त्याचा खर्च देऊ लागल्यावर त्या पैशाच्या मोबदल्यात काय मिळते, हा प्रश्न ओघानेच पुढे आला.

सुरुवातीस रस्त्याची प्रत बहुधा अभियंत्याच्या नजरेवर ठरे. या पारखीला प्रायोगिक आधार मिळाला तो इलिनॉय राज्यातील ओटावा येथील रस्ता चाचणीने (१९५८–६०). नियोजित आंतरराज्य महामार्गाच्या रेषेवर सहा वर्तुळमार्ग बांधून त्यांपैकी पाचांवर सैनिकांकरवी भरलेले ट्रक अहोरात्र फिरविण्यात आले. सु. २·७ कोटी डॉलर खर्चाच्या या चाचणीतून दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघाले. रस्त्याची खरी प्रत प्रवाशाला तो कसा वाटतो यावर ठरते, असे मानून परीक्षकमंडळाने रस्त्यांना शून्य ते पाच गुण दिले आणि त्या गुणांचा खडबडीतपणा, भेगा व चाकोऱ्या यांच्या मोजमापांशी मेळ घातला. दुसरे म्हणजे आसावरील भार दुप्पट झाल्यास फरसबंदीची हानी सु. सोळापट होते, असे आढळले. रस्ते कोण झिजवतो व त्यांचे पैसे कोण भरतो, हा मालवाहतूकदार आणि मोटारमालक यांच्यातील वाद त्यामुळे अधिकच धारदार झाला. ८,१६० किग्रॅ. हा प्रमाण आसभार भारतातील फरसबंदीच्या अभिकल्पातही वापरला जातो. मात्र एकच माती, एकच हवामान आणि जेमतेम दोन वर्षांचा काळ ही चाचणीची मर्यादा होती. वयोमानाने रस्ता कसा जीर्ण होतो हे तिच्यातून कळणे शक्य नव्हते.

ओहायओ नदीवरील सिल्व्हर पूल १९६७ मध्ये कोसळून ४६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पुलांच्या नियतकालिक तपासणीचे राष्ट्रीय मानक १९७१ मध्ये अंमलात आले. १९७८ पासून राज्यांकडून महामार्गांची माहिती ठराविक नमुन्यात गोळा होऊ लागली. तिच्या आधारे डेव्हिड हार्टगेन यांनी १९८४ पासूनच्या आकडेवारीवरून राज्यांची क्रमवारी लावण्यास प्रारंभ केला. रीझन फाउंडेशन या संस्थेने तिचे प्रकाशन पुढे चालविले. दर मैली खर्च, रस्त्यांची स्थिती, सदोष पूल, वाहतुकीची कोंडी व अपघाती मृत्यू हे तिचे प्रमुख निकष होत.

या क्रमवारीत विरळ वाहतुकीचे नॉर्थ डकोटा वारंवार वर, तर न्यू जर्सी तळाशी असे. यातील सारा फरक कारभाराचा नव्हता. न्यू जर्सीत राज्याच्या ताब्यात थोडेच, पण रुंद व गजबजलेले मार्ग आहेत. उलट नॉर्थ कॅरोलायनाने मंदीच्या काळात, १९३१ मध्ये, काउंटींचे रस्ते आपल्याकडे घेतल्याने तेथील मैलांच्या बेरजेत अरुंद ग्रामीण रस्तेही येतात. अर्थात दर मैली खर्च काढताना भाजकच निरनिराळा असतो. शिवाय दुरुस्ती पुढे ढकलणारे राज्य त्या वर्षापुरते काटकसरी दिसते. खडबडीत पृष्ठ व कमकुवत पूल यांच्या रूपाने त्याची किंमत पुढील काही वर्षांच्या तक्त्यांत उमटते.